अकरा महिन्यांची भाडेकरीण

“बसलंच पाहिजे का?” शालूनं दारातूनच विचारलं.

“पाहिजेच असं काही नाही,” मी म्हटलं. “पण शेंगा भाजल्यात. आणि असला सिनेमा तू जन्मात बघितला नसशील.”

“कार्टून आहे. मी नऊ वर्षांची आहे.”

“मी तेहतीस वर्षांची आहे. मी बघतेयच की.”

ती आली आणि सोफ्याच्या पार त्या टोकाला बसली. मध्ये दोन उशा उभ्या केल्या, हद्द आखल्यासारख्या. चला, म्हटलं, खोलीत तरी आली.

ह्या गोष्टीला आता तेरा वर्षं होऊन गेली. जानेवारीतला रविवार, पुण्यातलं आमचं दुसऱ्या मजल्यावरचं घर, दुपारचे तीन. हेमंतशी माझं लग्न होऊन चार महिने झाले होते. शाल्मली ही त्याची मुलगी. तिची आई मंजिरी त्याच्या तीन वर्षं आधी आजारपणात गेली. मी येऊन तिच्या जागेवर बसले, असं शालूचं म्हणणं. म्हणणं म्हणजे काय, माझ्याशी आपणहून बोलायची तर ती नाहीच. चार महिन्यांत तिनं मला कशानंही हाक मारली नव्हती. आई सोडा हो, काकू नाही, मावशी नाही, साधं ‘ए’सुद्धा नाही. जेवताना मीठ माझ्या हाताशी असायचं आणि ही म्हणायची, “बाबा, मीठ पाहिजे.” मग हेमंत माझ्याकडून मीठ घेऊन तिला द्यायचा. पोस्टाच्या काउंटरवर दिवसभर माणसं माझ्याशी बोलून बोलून माझं डोकं उठवायची, आणि घरी एवढीशी पोर मला जमेतच धरत नव्हती.

त्या दिवशी सहाच्या सुमाराला तिची वाईची आज्जी येणार होती. मंजिरीची आई. हेमंत सकाळीच गाडी घेऊन त्यांना आणायला गेला होता. आज्जींचा निरोप आधीच येऊन पोचला होता: “तुमचा नवा संसार आहे. पोरीची घुसमट नको. मी तिला घेऊन जाते, इथं शाळा चांगली आहे.” हेमंत म्हणाला होता, शालूलाच विचारू, ती म्हणेल तसं. शालूनं कुणी विचारायची वाट बघितली नव्हती. तिची लाल बॅग भरून, चेन लावून, चपलांच्या कपाटाशेजारी उभी होती.

मला ती जायला नको होती. सरळच सांगते, त्यात मोठेपणा वगैरे काही नव्हता. गणितं करताना ती जिभेचं टोक बाहेर काढायची. झोपेत इंग्रजीत भांडायची. चपात्यांतली सगळ्यात वाकडी चपाती बरोब्बर शोधून तीच खायची. ती मला आवडून गेली होती, त्याला मी काय करू? आणि माझ्या हातात आता एकच दुपार उरली होती. म्हणून मी माझा हुकमाचा एक्का बाहेर काढला, तो सिनेमा.

त्याचं असं झालं. मी बार्शीची. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तिथं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानातच व्हिडिओ कॅसेटी भाड्यानं मिळायच्या. मी सहा वर्षांची असताना कुणीतरी एक परदेशी कार्टूनची कॅसेट तिथं विसरून गेलं. कुठल्याशा बर्फाळ देशातली राजकन्येची गोष्ट. तिकडं म्हणे पिढ्यान्‌पिढ्या पोरं हा सिनेमा बघत मोठी होतात. बार्शीत त्याला कुत्रं विचारत नव्हतं. म्हणून कॅसेट घरी आली आणि माझी झाली. शाळेतून आले की दप्तर फेकायचं आणि ती लावायची. पण आमच्या टीव्हीचा आवाज गेलेला. सगळ्या बार्शीचे टीव्ही बोलते करणाऱ्या माणसाच्या घरचा टीव्ही मुका! मग गोष्ट सांगायची माझी आई. तिला मी माई म्हणायचे. सुपात शेंगा घेऊन फोडत बसायची आणि चित्र हलेल तशी सांगत जायची.

राजकन्येचे केस कणसाच्या तुऱ्यासारखे, म्हणून माईनं तिचं नाव कणसाबाई ठेवलं. कणसाबाईला आई नाही. तिचा मित्र एक साळिंदर. मग एक दिवस राजवाड्याच्या दारात काळी बग्गी येते, तिच्यावर हीऽऽ ट्रंकांची चळत, आणि आतून एक उंच बाई उतरते.

“ही भाडेकरीण,” माई सांगायची. “अकरा महिन्यांसाठी म्हनून आली. आन् बघ आता, हलतीय का!”

ती भाडेकरीण पडदे बदलायची, किल्ल्या ताब्यात घ्यायची, कणसाबाईला घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडायची. माई शेंग फोडत म्हणायची, “भाडेकरूंची तऱ्हाच तसली, बाई. आधी खिळा मारत्यात, मग भिंत आपली म्हनत्यात.” तिच्या माहेरी, वैरागला, पुढच्या खोलीत एक कुटुंब राहायला आलं होतं ते गेलंच नाही. जागेला कूळ लागलं म्हणून तिचे वडील मरेपर्यंत कपाळ बडवत होते. तेव्हा माईच्या लेखी जगात भाडेकरणीएवढं दुष्ट दुसरं काही नव्हतंच. शेवटी भाडेकरीण गोठलेल्या तळ्यावरून तरातरा चालत जायची, बर्फ दुभंगायचा, आणि माई हात झटकायची, “मिळाली तिला जागा दुसरीकडं. सुटलो, बाई!” मोठेपणी पुण्यात मी स्वतः भाड्यानं राहायला लागले तेव्हा सुरुवातीला मलाच माझी भीती वाटायची.

एवढंच एक, की बग्गी आली की माई उठून कॅसेट पुढं पळवायची. “हितं पट्टी खराब हाय. व्हिडिओचं हेड घान होतंय, अण्णा वरडत्यात.” तेवढा तुकडा मी कधी बघितला नाही. मला त्याचं काही वाटलंही नाही.

तर त्या आठवड्यात पोस्टातून परत येताना एक सीडीचं दुकान बंद होत होतं, सगळा माल बाहेर खोक्यात काढून ठेवलेला. त्यात वरच कणसाबाई आणि साळिंदर! मी रस्त्यात ओरडले. मागं बारीक इंग्रजीत गोष्ट छापलेली होती, ती वाचायची बुद्धी मला झाली नाही. कशाला वाचू? मला गोष्ट पाठ होती.

सिनेमा सुरू झाला.

“ही कणसाबाई,” मी सांगितलं.

शालू टीव्हीकडं बघत हवेत बोलली, “मारीट. आत्ताच नाव सांगितलं.”

असेल बाई मारीट. मी मात्र हरखून गेले होते. सत्तावीस वर्षांनी तेच जंगल, तेच धुराडं, आणि वर आवाज! ते साळिंदर बोलतं हे मला माहीतच नव्हतं. माईच्या गोष्टीत ते नुसतं शिंकायचं. इथं तर ते म्हाताऱ्या मास्तरासारखं खाकरून गाणं म्हणत होतं. शालू फसकन हसली. मग हसल्याचं लक्षात येऊन तोंड मिटलं. पण एक उशी आडवी झाली. मी शेंगांची परात हळूच तिच्याकडं सरकवली. तिनं एक शेंग घेतली, मग दुसरी. मला वाटलं, जमलं. माझ्या मनात मांडे भाजून तयार.

काळी बग्गी आली.

“आता बघ हां,” मी सरसावून बसले. “ही भाडेकरीण.”

“काय?”

“भाडेकरीण. अकरा महिन्यांसाठी येते आणि मग हलतच नाही.”

शालूनं मान वळवून पहिल्यांदा नीट माझ्याकडं बघितलं. हिला वेड लागलंय का, असं. तोवर पडद्यावर घंटा वाजायला लागल्या. माणसं फुलं उधळत होती. राजानं त्या उंच बाईच्या डोक्यावर मुकुट ठेवला. हा तुकडा मी कधीच बघितला नव्हता. आणि गोष्ट सांगणारा तो जाड आवाज काहीतरी बोलला, त्यातला एक शब्द माझ्या कानात शिरला आणि तिथंच बसला.

“स्टेपमदर,” शालू म्हणाली. “ती भाडेकरीण नाहीये. लग्न झालं त्यांचं. ती स्टेपमदर आहे तिची.”

मी रिमोट शोधायला लागले तर तो उशीखाली. उशी उचलतेय तोवर त्या बाईनं भिंतीकडं बोट केलं, दोन नोकर शिडी घेऊन आले, आणि कणसाबाईच्या मेलेल्या आईचं चित्र त्यांनी खाली उतरवलं.

शालू उठून उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते.

“मुद्दाम आणलास ना हा?”

चार महिन्यांत मला ‘तू’ धरून बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य.

“नाही गं! शप्पथ. मला माहीतच नव्हतं…”

“तूपण काढलास. आईचा फोटो. हॉलमधून.”

“मी तो तुझ्या खोलीत लावला, शालू. तुला झोपताना दिसावा म्हणून.”

“मला विचारलंस?”

नव्हतं विचारलं. खरंच नव्हतं. घर आवरायच्या झपाट्यात मला ती फार छान कल्पना वाटली होती आणि मी खिळा मारून मोकळी झाले होते.

ती गेली आणि दाराजवळ, चपलांच्या कपाटाला टेकून, लाल बॅग पायांशी घेऊन बसली. “बाबा आले की मी जाणार,” तिनं दाराला सांगितलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शेजारच्या बायका पोरीचे कान फुंकतील म्हणून मी चार महिने धास्तावून होते, आणि मीच घरात दुष्ट सावत्र आईचा सिनेमा आणून, शेंगा भाजून, तिला समोर बसवून दाखवला! मला रडू यायला हवं होतं, आला राग. शालूचा नव्हे, माईचा. मी सिनेमा थांबवला आणि तिथंच बार्शीला फोन लावला. हाताला टरफलांचा चुरा, म्हणून फोन स्पीकरवर टाकून टीपॉयवर ठेवला.

“माई, काय सांगत होतीस तू मला? ती भाडेकरीण नव्हतीच! कणसाबाईची सावत्र आई होती! आणि ती फोटो काढते, आणि मीपण इथला फोटो काढून बसलेय, आणि पोरगी बॅग घेऊन दारात बसलीय, आणि सहाला तिची आज्जी येतीय न्यायला!”

मग माई हळूच म्हणाली, “आवाज चालू केलास व्हय?”

मी सोफ्यावर बसलेच.

“म्हणजे आपल्या टीव्हीचा आवाज गेला नव्हता?”

“न्हाई. तुझ्या अण्णांनी आतली तार काडून ठिवलीती. मीच सांगितलं काडा म्हनून.”

“का?”

“वैजू, मला तुमच्या घरात येऊन चारच महिने झालते. तू मला हाक मारत नव्हतीस.”

मला हे आठवत नव्हतं. मी तीन वर्षांची असताना माझी जन्मदाती गेली आणि सहाव्या वर्षी माई आली, हे मला माहीत होतं, पण जसं आपलं जन्मगाव माहीत असतं तसं. आमच्या घरात ‘सावत्र’ हा शब्द कधी कुणी उच्चारला नाही. मला ती माईच होती, पहिल्यापासून. माईला कधीकाळी मी हाकही मारत नव्हते, हे आज ऐकत होते.

“शाळेतले इनामदार सर दुकानात आल्ते,” माई सांगत होती. “म्हनले, वहिनी, ह्या सिनेमात सावत्र आई पोरीला कोंडून घालती. मी धावत घरी आले, तर तू टीव्हीला नाक लावून बसलेली. कॅसेट काडून घ्यावी, तर तू रडून घर डोक्यावर घेनार. ऱ्हाऊ द्यावी, तर उद्या कुनी शाना तुला इंग्रजीचा अर्थ सांगनार. आन् मग ही पोर माझ्याकडं तसल्या नजरंनं बघाय लागली, तर मी जाऊ कुठं? लई भ्याले मी. म्हटलं, हिला भाडेकरीणच करून टाकू. भाडेकरनीला कोन रडतंय!”

“अगं पण खोटं…”

“खोटं कुठं? मीच तशी बसलेवते तुमच्यात. माझी पेटी चार महिने बांधलेलीच होती, कॉटखाली. एक लुगडं काडायचं, वापरायचं, परत घडी करून पेटीत. वाटायचं, कवा निघा म्हनतील.”

दाराकडून आवाज आला, “तुझी आईपण स्टेपमदर आहे?”

शालू उठून हॉलच्या उंबऱ्याशी आली होती. बॅगेचा पट्टा हातातच होता.

“हो,” मी म्हटलं.

“कोन बोलतंय गं?” माईनं विचारलं.

“शालू.”

“आगं बाई! शाल्मली व्हय? बरं झालं भेटलीस. किती वाजता जायचंय म्हनं तुला?”

“सहा वाजता.”

“मग येळ हाय की ढीगभर. कुठवर आलंय?”

“काय?”

“सिनेमा गं! मला हितनं काय दिसतंय? आवाज बंद कर आन् मला सांग काय चाललंय त्ये.”

शालूनं माझ्याकडं बघितलं. मी शेंगांची परात टीपॉयवर ठेवली. तिनं रिमोट घेतला, आवाज बंद करून सिनेमा चालू केला, आणि टीपॉयजवळ खाली बसली, फोनच्या शेजारी.

“त्यांनी फोटो काढलाय,” ती जरा गुर्मीतच म्हणाली. “तिच्या आईचा. त्या बाईनं काढायला लावला.”

“भाडेकरनीनं. व्हय. इचारलं का तिनं पोरीला?”

“नाही.”

“बघ! येडी कुठली. भाडेकरनी लई येड्या असत्यात, शाल्मली. घर आपलं न्हाई, मग लई काम करून दाखवायची घाई असती त्यास्नी. ह्ये उचल, त्ये पूस. त्या भरात मालकिनीला इचारायचं इसरून जात्यात. मालकिनीनं एकदा चांगलं दरडावाय पायजे.”

शालूनं परातीतली एक शेंग घेतली आणि न फोडता हातात फिरवत राहिली.

मग ते असंच सुरू झालं. शालू सांगायची, “ती मनोऱ्यात आहे. पिसं निवडतेय,” आणि बार्शीहून माई पुढची गोष्ट लावायची. “साळिंदर आलं,” शालू म्हणायची. “शिंकलं का?” माई विचारायची. “नाही शिंकलं.” “थांब, शिंकंल आता.” आणि खरंच त्या साळिंदरानं नाक वर करून तोंड वेंगाडलं, तेव्हा आम्ही दोघीही हसलो. ते गातही असेल, कुणाला ठाऊक! मध्येच माईच्या गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं, तेवढा वेळ शालूनं सिनेमा थांबवून धरला. मला कुणी काही विचारत नव्हतं. मी नुसती बसून शेंगा फोडत होते आणि दाणे दोघींच्या मध्ये ठेवत होते.

शेवट आला. पांढरंशुभ्र तळं, त्यावर काळा झगा.

“ती बर्फावरून पळतेय,” शालू म्हणाली. “बर्फ फुटला.” आणि मग एकदम बारीक आवाजात, “माईआज्जी, ती बुडाली.”

“बुडाली? बघ नीट. हात दिसतोय का?”

“नाही. काहीच नाही. नुसतं पाणी.”

“मग पलीकडनं वर आली असंल. तुझ्या टीव्हीत दिसत नसंल त्ये. माझ्या टीव्हीत दिसायचं.”

“मग कुठे गेली ती?”

“कुठं जानार? जागा मिळाली तिला.”

“कुठे?”

“बार्शीला,” माई म्हणाली. “हितं एक सहा वर्सांची पोर होती. तिनं तीनचार महिने लई तरास दिला, मग एक दिवस कॉटखालची पेटी वडून काडली आन् म्हनली, माई, ही पेटी मला भावलीच्या घराला पायजे, तुझी लुगडी कपाटात ठेव. झालं. तवापसनं हितंच हाय.”

मी तोंडावर पदर धरला. हातांना टरफलं, डोळ्यांना पाणी, सगळा चिखल. ही पेटीची गोष्ट मला कुणी कधी सांगितली नव्हती. भावलीचं घर मात्र चांगलं आठवत होतं, निळ्या पत्र्याचं.

माईनं “बरं, ठेवते, देवाला दिवा लावायचाय,” म्हणून फोन ठेवला. शालू बराच वेळ टीव्हीवरची नावं वर सरकताना बघत होती. मग तिनं वळून हॉलच्या भिंतीकडं बघितलं.

“खिळा आहे अजून?”

“आहे.”

ती तिच्या खोलीतून मंजिरीचा फोटो घेऊन आली. मी स्टुलावर चढले. ती खाली उभं राहून सांगत होती, “डावीकडून खाली. थोडा. अजून थोडा. बास.” पावणेसहा झाले होते. लाल बॅग तिथंच होती. मी तिला जाऊ नको म्हणाले नाही. म्हणावंसं जिभेवर आलं होतं, पण न विचारता तिच्या वतीनं ठरवायचं माझं पुरेसं झालं होतं.

आज्जी आल्या. वाळलेल्या, ताठ, डोळ्यांना जाड चष्मा. चपला काढता काढता त्यांचं लक्ष पहिल्यांदा भिंतीकडं गेलं. त्या तशाच एका पायात चप्पल घालून थांबल्या. लेकीकडं बघत राहिल्या. मग बॅगेकडं बघून म्हणाल्या, “झाली का तयारी, बाळा?”

“थांब, आज्जी,” शालू म्हणाली. “करार करायचाय.”

“कसला करार?”

तिनं गणिताच्या वहीचं पान फाडलं, टीपॉयवर ठेवलं आणि जिभेचं टोक बाहेर काढून लिहायला बसली. आम्ही तिघं मोठी माणसं उभीच. हेमंत मला खुणेनं विचारत होता, काय? मी खुणेनं म्हटलं, मला काय माहीत! लिहून झाल्यावर तिनं पान आज्जींच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा वर-खाली केला आणि मोठ्यांदा वाचलं.

“घरमालक, शाल्मली. भाडेकरीण, वैजू. मुदत अकरा महिने. आईचा फोटो हलवायचा नाही. काहीही करायच्या आधी मालकाला विचारायचं. डब्यात दुधी द्यायचा नाही. रविवारी शेंगा. आवडलं नाही तर मालक वाईला जाईल.” आज्जी थांबल्या. “वैजू कोण?”

“ही,” शालूनं माझ्याकडं बोट केलं.

पोरीच्या तोंडून माझं नाव. तेही सरळ, नुसतं, मागंपुढं काही न लावता. मला सांगता येणार नाही मला काय झालं ते.

“तुम्हाला मान्य आहे हे?” आज्जींनी मला विचारलं.

“सगळं मान्य आहे. दुधीसकट.”

त्या सोफ्यावर बसल्या. पान गुडघ्यावर ठेवून पेन मागितलं. खाली स्वतःच्या अक्षरात आणखी एक ओळ घातली: दिवाळी आणि मे महिना वाईला. मग ‘साक्षीदार’ लिहून सही केली. सही करताना त्यांचा हात थांबला. “मंजूचंही असंच होतं,” त्या म्हणाल्या. “सगळं लिहून द्यायला लागायचं तिला. मारी बिस्किटं किती, ते सुद्धा.” आणि चष्मा काढून पुसायला लागल्या. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले, हात हातात घेतला, त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

“आणि मी काय करू?” हेमंत गाडीची किल्ली हातात घेऊन अजून दारातच उभा होता.

“बाबा, तू बॅग आत ठेव,” शालू म्हणाली.

तो करार अकरा महिने फ्रिजवर होता. मग शालूनं नवा केला. दर अकरा महिन्यांनी नवा, दर वेळी कलमं वाढत गेली: दहावीच्या वर्षी ‘अभ्यास कर म्हणायचं नाही’, कॉलेजात ‘फोन कुणाचा विचारायचं नाही’. आज्जी होत्या तोवर त्यांची सही, पुढं माईची. आई तिनं मला कधी म्हटलं नाही. म्हणू नये. तिची आई भिंतीवर आहे. मी वैजू.

मागच्या वर्षी तिला बंगळूरला नोकरी लागली. तिथं एका खोलीत राहते, अकरा महिन्यांच्या करारावर. आमच्या कराराची मुदत नोव्हेंबरात संपत होती. तारीख आली, गेली. मी दोन दिवस वाट बघितली, तिसऱ्या दिवशी डोकं फिरलं आणि फोन केला.

“काय गं, मालकीणबाई? मुदत संपली परवा. कागद कुठाय?”

तिकडं तिनं दार लावून घेतल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, “वैजू, तो आता करायचा नाहीये.”

“का?” मी विचारलं. “माझं काय चुकलं?”

“मी माईआज्जीला विचारलं. ती म्हणाली, एवढी वर्षं राहिलं की कूळ लागतं. मग मालकाच्या बापालाही बाहेर काढता येत नाही. तेव्हा काय करार करायचा? तू आता माझं कूळ आहेस.”

“आवाज नीट येत नाहीये गं,” मी म्हटलं. “परत सांग.”

आवाज चांगला स्वच्छ येत होता. तिनं परत सांगितलं.